शाल आधी की भाषण आधी?

या आठवड्याचं पत्र मुलुंडहून आलं आहे. जरा आवरून देते.

"मी एका रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. दोन वर्षांपूर्वी इथल्या एका सेवा क्लबची सभासद झाले. जुलैत क्लबचं नवं वर्ष सुरू झालं आणि नव्या अध्यक्षांनी दोन कामं माझ्या गळ्यात घातली. एक, दर गुरुवारच्या सभेला पाहुणा वक्ता आणायचा. दुसरं, क्लबचं साप्ताहिक बातमीपत्र काढायचं. वक्ते मिळत नाहीत, मिळाले तर सभासद येत नाहीत. गेल्या महिन्यात पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावर आयुष्यभर काम केलेले एक निवृत्त अभियंते आले होते. येताना मोठ्या नकाशाची गुंडाळी घेऊन आले. आधी दोन सत्कार झाले, मग वाढदिवस, मग त्यांचा लांबलचक परिचय. बोलायला जेमतेम बारा मिनिटं मिळाली. नकाशा उलगडलाच नाही, तसाच काखेत मारून ते परत गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बातमीपत्राचं म्हणाल, तर चार पानी पीडीएफ मी रात्री जागून करते. उघडत कोणी नाही, पण एखाद्याचं नाव राहिलं की सकाळी फोन ठरलेला. आमचे एक माजी अध्यक्ष आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांना हजर असलेल्या प्रत्येकाचं नाव छापलेलं हवं असतं. अध्यक्ष म्हणतात, मालिकेतला एखादा नट आणा, गर्दी होईल. शिवाय बाई म्हणून ओवाळणीचं ताट आणि गुच्छही माझ्याकडेच. सोडून देऊ का?
— बातमीपत्रवाली, मुलुंड"

सोडू नका, ताई. निदान त्या अभियंत्यांना पुन्हा बोलावल्याशिवाय तरी नाही.

तुम्ही दोन तक्रारी लिहिल्यात, पण मला त्यांचं मूळ एकच दिसतं. तुमच्या क्लबात मानपान इतका वाढलाय की ऐकण्यासारखं आणि वाचण्यासारखं जे असतं त्याला जागाच उरत नाही. गुरुवारचा तास तो खातो आणि बातमीपत्राची चार पानंही तोच खातो. वक्ते न मिळणं, सभासद न येणं, पीडीएफ न उघडणं हे सगळं त्याच्या मागून येतं. आज बारा मिनिटंच मिळणार हे सभासदाला ठाऊक असेल, तर घाटकोपरला गाडीत चेंगरत असताना तो घरीच जायचं ठरवणार. मीही तेच केलं असतं.

अशा क्लबांत मी बरेचदा बोलायला गेलेय, त्यामुळे तुमचा गुरुवार मला न बघताही दिसतो. सभा साडेसातची म्हणून जाहीर, सुरू होते आठला दहा कमी असताना. मग प्रार्थना, दीपप्रज्वलन, वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, कुणाच्या मुलाला मेडिकलला प्रवेश मिळाला त्याचं कौतुक, सचिवांच्या सूचना. त्यानंतर वक्त्याचा परिचय, म्हणजे त्याचा सगळा बायोडेटा कागदावरून, शाळेच्या स्कॉलरशिपपासून. एव्हाना मागे केटररची भांडी वाजायला लागलेली असतात. मग "वेळेअभावी थोडक्यात" असं म्हणून माईक हातात येतो. आणि शेवटी आभाराला उठलेले गृहस्थ वक्त्याहून जास्त बोलतात.

शाल बंद करा असं मी म्हणणार नाही. ते तुम्हाला जमायचं नाही आणि त्याची गरजही नाही. फक्त क्रम फिरवा. पावणेआठला जितके असतील तितक्यांत सुरू करा आणि प्रार्थना झाली की थेट वक्ता उभा राहू दे. वाढदिवस, सत्कार, सूचना सगळं भाषण आणि प्रश्नोत्तरांनंतर, जेवणाआधी. ज्याला सत्कार हवाय तो थांबेल, आणि भुकेपोटी सत्कार आपोआप आटोपशीर होतील. सभासदांची उशिरा येण्याची सवयही यानेच सुटेल. आज उशिरा आलं तर काही चुकत नाही, म्हणून लोक उशिरा येतात.

आणि पाहुण्याला द्यायचं ते पिशवीत मावेल असं द्या. गुच्छ, शाल, नारळ आणि वर काचेचं स्मृतिचिन्ह, एवढं घेऊन रात्रीच्या लोकलमध्ये चढणारा माणूस बघितलाय कधी? एक हात वरच्या कडीला, नारळ बगलेत आणि गुच्छाची पॅकिंगची पन्नी शेजारच्याच्या तोंडावर. एखादं चांगलं पुस्तक द्या. जाण्यायेण्याचा खर्च विचारून, पाकिटात घालून, न लाजता द्या. निवृत्त माणसं मागत नाहीत म्हणून त्यांना खर्च होत नाही असं नसतं.

परिचय तीन वाक्यांत बसवा. त्यात पदव्या नकोत, हा माणूस आज आपल्याला काय सांगणार आहे ते हवं. त्या अभियंत्यांचा परिचय मी असा केला असता: "२६ जुलै २००५ ला चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्याला ७३. त्या रात्री आपण कुठे अडकलो होतो ते इथे प्रत्येकाला आठवत असेल. ते पाणी बाहेर का जात नव्हतं, हे आज आपल्याला नकाशावर बघायचंय." संपला परिचय. आता कोण उठून जाईल?

त्यांच्याकडे सांगायला किती होतं बघा. मुंबईची जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. ती क्षमता ५० वर नेण्याच्या कामाला जोर आला तो २००५ च्या पुरानंतर. पण गटार कितीही मोठं केलं तरी भरतीला काय करणार? मोठी भरती असली की समुद्र उलटा आत घुसू नये म्हणून गटारांच्या तोंडाची दारं लावून घ्यावी लागतात. मग शहरातलं पाणी पंपांनी उचलून बाहेर फेकायचं. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, गझदरबंध इथली पंपिंग स्टेशनं त्यासाठीच आहेत. मुलुंडच्या माणसाला हे कळलं की पावसाळ्यात सकाळी आधी भरतीची वेळ बघायची सवय लागते. असं काही पदरात पडलं तर माणूस पुढच्या गुरुवारी पुन्हा येतो.

तेव्हा याच आठवड्यात त्यांना फोन करा. मेसेज नको, फोनच करा. झालं ते चुकलं असं सरळ सांगा आणि मे महिन्यातला एखादा गुरुवार द्या, पावसाच्या तोंडावर. तीस मिनिटं त्यांची, पंधरा प्रश्नांची. नकाशा भिंतीला लावायला चिकटपट्टी आणि दोन माणसं आधीच तयार ठेवा.

आता नटाचं. अध्यक्षांशी त्यावरून वाद घालू नका. वर्षातून एकदा, पदग्रहणाच्या कार्यक्रमाला, हवा तर आणा म्हणावं. पण दर गुरुवारचा उपाय तो नव्हे. नट उशिरा येतो, शूटिंगचे दोन किस्से सांगतो, सेल्फी होतात आणि पुढच्या गुरुवारी तुमची सभा होती तिथेच. आपल्याकडे नुसतं ऐकायला लोक येतात, ही जुनी गोष्ट आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून उभा आहे. तिथे श्रोता घडला तो विषयाच्या बळावर. तुमच्याच मुलुंडात महाराष्ट्र सेवा संघ आहे. तिथे जाऊन बसा, व्याख्यानं कोण ठरवतं ते विचारा. वक्त्यांची नावं आणि कोण किती लांबवतं याची खरी माहिती तुम्हाला तिथे चहाबरोबर मिळेल.

माझा अनुभव असा की वक्ता शोधायला निघालं की सापडत नाही, प्रश्न शोधला की वक्ता आपोआप सापडतो. पुढच्या सभेत प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या आणि आपल्या भागातलं जे कळत नाही ते लिहायला सांगा. मुलुंडमध्ये प्रश्नांना काय तोटा? नॅशनल पार्कच्या कडेच्या सोसायट्यांत बिबट्या दिसला की व्हॉट्सअॅपवर हलकल्लोळ होतो. वनखात्यातलं किंवा बिबट्यांवर काम करणारं कोणी येऊन सांगेल की तो येतो बहुधा भटक्या कुत्र्यांसाठी, आणि कुत्री येतात आपल्या कचऱ्यासाठी. मुलुंडचं डम्पिंग ग्राउंड २०१८ ला बंद झालं, मग इतक्या वर्षांच्या त्या ढिगाचं पुढे काय होतं? भांडुप पंपिंग स्टेशनच्या बाजूला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला बाहेरून माणसं येतात आणि आपण शेजारी राहून जात नाही. ठाणे खाडीच्या त्या पट्ट्याला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, हे तुमच्या किती सभासदांना माहीत असेल? ज्येष्ठांना ऑनलाइन फसवणुकीचा फोन आला तर १९३० या हेल्पलाइनवर किती लवकर कळवायचं आणि लवकरच का, हे सायबर पोलिसांकडून ऐकण्यासारखं आहे. वॉर्ड ऑफिसातला कनिष्ठ अभियंता, लोकलचा मोटरमन, अग्निशमन दलातला जवान ही माणसं कुठल्याही नटापेक्षा रंगतदार बोलतात, कारण ती रोज काहीतरी करत असतात. सरकारी नोकरीतल्या माणसाला मात्र वरिष्ठांची परवानगी लागते. त्यासाठी क्लबच्या लेटरहेडवर महिनाभर आधी पत्र द्या.

बोलावताना चार गोष्टी स्वच्छ सांगाव्या लागतात: विषय काय, मिनिटं किती, समोर कोण बसलेलं असेल, आणि प्रोजेक्टर चालतो की नुसताच आहे. स्टेशनला कोणीतरी घ्यायला जावं. घड्याळ दाखवायचं काम तुम्ही अंगावर घेऊ नका, ते अध्यक्षांचं. प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न कोण विचारणार हे आधी ठरवून ठेवा, नाहीतर शांतता पसरते आणि मग ज्यांना प्रश्न नसून भाषण करायचंय ते गृहस्थ उठतात. ते प्रत्येक क्लबात असतातच.

बातमीपत्राकडे वळू. तुम्ही ते आलेल्यांसाठी लिहिता, म्हणून त्यात नावं येतात. आलेल्याला काय झालं ते माहीतच असतं, तो फक्त आपलं नाव आलं का ते बघतो. जो आला नाही त्याच्यासाठी लिहा. त्याला विचारायचं असतं, मी काय चुकवलं? त्याचं उत्तर द्या.

नेत्रदानावर व्याख्यान झालं असं धरू. सध्याच्या पद्धतीने तुम्ही लिहाल: "मा. प्रमुख पाहुण्यांनी नेत्रदान या विषयावर अत्यंत उद्बोधक व मार्गदर्शनपर विचार मांडले. अध्यक्षांच्या हस्ते शाल, श्रीफळ व पुष्पगुच्छ देऊन त्यांचा यथोचित सन्मान करण्यात आला." यातून न आलेल्याला कळलं काय? शाल दिली एवढंच. त्याऐवजी असं लिहा: "घरात मृत्यू झाला तर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवायचं. पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, मधुमेह असला तरी नेत्रदान चालतं. फॉर्म भरलेला नसेल तरी घरच्यांची संमती पुरते." एवढ्या ओळी लोक जपून ठेवतात, नात्यातल्यांना पुढे पाठवतात. मात्र वैद्यकीय किंवा कायद्याचं काही असेल तर पाठवण्याआधी वक्त्याला वाचून दाखवा. घाईत ऐकलेला आकडा चुकतो, आणि व्हॉट्सअॅपवर चुकलेला आकडा परत बोलावता येत नाही.

पीडीएफ बंद करा. फोनच्या पडद्यावर बोटांनी मोठी करून कोणी वाचत नाही. साधा मजकूर शुक्रवारी संध्याकाळी, घरी परतायच्या वेळेला, सोबत एकच फोटो. तोही वक्ता बोलत असतानाचा, गुच्छ स्वीकारतानाचा नको. मजकुरानंतर पुढच्या गुरुवारचा विषय एका प्रश्नाच्या रूपात टाका, आणि मग एक काम, ज्याला माणसं हवी आहेत. तारीख, वेळ, किती जण, कोणाला कळवायचं. अशा क्लबांचं खरं बळ त्या ओळीत असतं. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओचं काम जगभर हाती घेतलं. भारतातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला. मधल्या वर्षांत रविवारी बूथवर कोण बसणार, हे गावोगावच्या अशाच सभांत ठरत होतं.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगते. वह्यावाटपाचे फोटो छापू नका. मुलं रांगेत उभी, प्रत्येकाच्या हातात एक वही, मागे क्लबचा फलक आणि त्या वहीला दुसऱ्या टोकाने धरून हसणारे सहा पदाधिकारी. त्या मुलांना कोणी विचारलंय का? मला तो फोटो बघवत नाही.

काकांचं काय करायचं? त्यांना तोडू नका. नावांचा आग्रह धरणारा माणूस बहुतेक वेळा क्लबातल्या सगळ्यांना ओळखत असतो आणि आपल्याला कोणी विचारत नाही या दुःखात असतो. तो तीन वाक्यांचा परिचय त्यांच्याकडे द्या. आदल्या दिवशी वक्त्याला फोन करून गप्पा मारायच्या आणि त्यातून तीन वाक्यं काढायची, म्हणावं, हे तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही. वाढदिवसांची एक ओळ बातमीपत्राच्या तळाशी ठेवा, तीही त्यांच्याकडून मागवून घ्या. हजेरीची यादी सचिवांच्या वहीत असते, ती तिथेच शोभते.

ओवाळणीचं ताट मात्र परत करा. हसत, पण परत करा. रोटरीने बायकांना जगभर सभासदत्व खुलं केलं ते १९८९ मध्ये, लायन्सने १९८७ मध्ये. इतकी वर्षं झाली, आता गुच्छ आणायला पुरुषांनाही जमायला हवं. वक्ते आणि बातमीपत्र ही दोन खाती पुरे आहेत. तिसरं खातं कोणी सोपवलं तर "याच्यासाठी कोण?" असं सभेत मोठ्याने विचारायचं आणि गप्प बसायचं.

राहता राहिला आयत्या वेळी न येणारा वक्ता. मुंबईत तो येणारच, म्हणजे न येणारच. पाऊस, ओव्हरहेड वायर, अचानक मीटिंग, काहीही. त्यासाठी घरचा वक्ता हाताशी लागतो. १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिसने रोटरीचा पहिला क्लब भरवला तेव्हा वकील, कोळशाचा व्यापारी, खाण अभियंता आणि शिंपी असे चौघे होते, आणि पुढच्या सभा ते आळीपाळीने एकमेकांच्या कामाच्या जागी घ्यायचे. आपला धंदा दुसऱ्याला समजावून सांगणं हा तिथला मूळ कार्यक्रम. तुमच्याही क्लबात सीए असेल, लॅबवाला असेल, छापखानेवाला असेल. प्रत्येकाकडून वीस मिनिटांचा आपल्या कामाचा विषय आधीच घेऊन ठेवा.

यादीत पहिलं नाव तुमचंच घाला. तुमचा क्लब रक्तदान शिबिरं घेतच असेल, पण सुई काढल्यावर त्या पिशवीचं काय होतं, हे खुर्चीवर बसून बिस्किट खाणाऱ्याला कोणी सांगत नाही. त्यातून लाल पेशी, प्लेटलेट्स आणि प्लाझ्मा वेगळे होतात. लाल पेशी फ्रीजमध्ये ४२ दिवसांपर्यंत टिकतात, प्लाझ्मा गोठवून वर्षभर, आणि प्लेटलेट्स सतत हलवत ठेवूनही अवघे पाच दिवस. म्हणजे अध्यक्षांच्या वाढदिवसाला एकाच रविवारी दोनशे पिशव्या जमवल्या तर त्यातल्या प्लेटलेट्सचं काय होतं, आणि मे महिन्यात सगळे गावी गेल्यावर ज्याला सतत रक्त चढवावं लागतं त्या थॅलेसेमियाच्या मुलाला ते कुठून मिळतं? हे रोज हाताळणारं माणूस तुमच्या क्लबात बसलंय आणि त्याच्याकडून पीडीएफ करून घेतायत. शिबिर एक मोठं घ्यावं की तीन-तीन महिन्यांनी चार लहान, हा प्रश्न शेवटी सभासदांपुढे टाका आणि तारखा तिथल्या तिथे लिहून घ्या. परिचय काकांना करू दे. वीस मिनिटं झाली की थांबा, आणि शुक्रवारचं बातमीपत्र त्या आठवड्यापुरतं दुसऱ्या कोणाला लिहायला लावा.